संकट ओसरल्यावर पोरं का खचतात

आधी एक सांगते. हे वाचताना कुणाच्या डोक्यात आत्ता जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर लेख राहू दे बाजूला, आधी १४४१६ ला फोन लाव. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं. लेख काय, नंतरही वाचता येईल.

आता विषयाकडे येते. आपल्याकडे एखाद्या तरुण पोराने किंवा पोरीने जीव दिला की पहिल्या तासाभरात सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, कारण काय होतं? आणि त्याच तासाभरात उत्तरही तयार असतं. मार्क कमी पडले, प्रेमप्रकरण होतं, मोबाईलवरून घरचे ओरडले. मी गेली काही वर्षं या विषयावरचं मिळेल ते वाचतेय, आकडे बघतेय, त्याला घरचंच कारण आहे आणि ते पुढे येईलच, पण एवढं वाचून माझं मत झालंय की हा प्रश्न आपण चुकीचा विचारतो. मार्क कमी पडलेली लाखो पोरं त्याच संध्याकाळी चिडून, रडून, जेवून झोपतात. मग ज्याला झोप लागली नाही त्याच्या आयुष्यात मार्कांच्या आधीपासून काय काय साठत आलं होतं, आणि त्याला धरून ठेवणारं काय काय एकेक करून सुटलं होतं, हे विचारायला पाहिजे. कोरोनाच्या काळात हे सुटणं फार मोठ्या प्रमाणावर, एकदम आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झालं, म्हणून तो काळ नीट समजून घेण्यासारखा आहे.

एकच कारण शोधायची सवय आपल्याला सरकारी कागदानेही लावलीय. अशी घटना झाली की पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, घरच्यांचे जबाब घेतात, तेही अशा वेळी की आई भानावर नाही आणि बाप भिंतीला टेकून नुसता बसलाय. त्या जबाबातून एक कारण निघतं, ते तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून राज्याला आणि शेवटी दिल्लीत राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे, म्हणजे एनसीआरबीकडे जातं आणि वर्षाच्या अहवालात एका रकान्यात जाऊन बसतं. दरवर्षी सगळ्यात मोठा रकाना असतो ‘कौटुंबिक समस्या’. २०२१ मध्ये देशातल्या ३३.२ टक्के आत्महत्या त्यात टाकल्या होत्या. आता या दोन शब्दांत बापाचा बंद पडलेला धंदा असू शकतो, दारू असू शकते, अकरावीतून शाळा सोडवून ठरवलेलं लग्न असू शकतं, किंवा कुणाला कधीच न कळलेलं आणि कुणी औषध न दिलेलं डिप्रेशन असू शकतं. रकान्याला ते कळत नाही.

तरीही आकडे बघावेच लागतात, कारण दुसरं हातात फारसं काही नाही. २०१९ मध्ये देशात १,३९,१२३ आत्महत्यांची नोंद झाली. २०२० मध्ये १,५३,०५२, २०२१ मध्ये १,६४,०३३ आणि २०२२ मध्ये १,७०,९२४. त्यातले विद्यार्थी वेगळे काढले तर २०१९ मध्ये १०,३३५ होते आणि पुढच्याच वर्षी १२,५२६ झाले, म्हणजे एका वर्षात २१ टक्क्यांनी वाढ, तीही शाळा-कॉलेजं बंद असताना. अठरा वर्षांच्या आतली मुलं ९,६१३ वरून ११,३९६ वर गेली. महाराष्ट्र या यादीत बरीच वर्षं पहिला आहे, २०२१ मध्ये एकूण २२,२०७ आणि त्यातले विद्यार्थी १,८३४, दोन्हीकडे देशात सगळ्यात जास्त. लोकसंख्या मोठी आहे म्हणून आकडा मोठा हे अर्धं खरं आहे, पण उत्तर प्रदेशची लोकसंख्या आपल्या जवळजवळ दुप्पट असून तिथला नोंदलेला आकडा आपल्यापेक्षा खूप कमी आहे. नोंदी किती नीट होतात हा त्यातला एक भाग, तरी तेवढ्यावर समाधान मानून गप्प बसावं असं मला वाटत नाही.

पण सगळं खापर कोरोनावर फोडून मोकळं होता येत नाही. विद्यार्थ्यांचा आकडा त्याच्या आधीपासून चढत होता, २०१७ मध्ये ९,९०५, २०१८ मध्ये १०,१५९. आणि कोरोना संपल्यावर तो खाली आला का? नाही आला. २०२२ मध्ये १३,०४४ आणि २०२३ मध्ये १३,८९२. साथ गेली, मास्क गेले, शाळा सुरू झाल्या, आणि आकडा पूर्वीच्या जागी परत गेलाच नाही. मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचते.

आता इथे एक उलटी वाटणारी गोष्ट आहे, ती समजली की पुढचं बरंच समजतं. लॉकडाऊन लागला तेव्हा सगळ्या जगातल्या तज्ज्ञांना भीती होती की आता आत्महत्या एकदम वाढतील. पण २१ देशांचे एप्रिल ते जुलै २०२० चे आकडे एकत्र करून तपासले तर तशी वाढ दिसली नाही, काही ठिकाणी उलट कमीच झाल्या होत्या. जपानात महिन्यामहिन्याचा हिशोब लगेच मिळतो, तिथे तर फारच स्पष्ट दिसलं. फेब्रुवारी ते जून २०२० या पहिल्या लाटेत आत्महत्या १४ टक्क्यांनी घटल्या, आणि जुलै ते ऑक्टोबरमध्ये १६ टक्क्यांनी वाढल्या, त्यात बायकांमध्ये ३७ टक्के आणि लहान-किशोरवयीन मुलांमध्ये ४९ टक्के. अमेरिकेत २०२१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नाच्या संशयावरून इमर्जन्सीत आणलेल्या १२ ते १७ वयाच्या मुलींची संख्या २०१९ च्या त्याच दिवसांपेक्षा ५१ टक्क्यांनी जास्त होती, मुलग्यांमध्ये मात्र जेमतेम ४ टक्के. म्हणजे घाव एकीकडे बसतो आणि कळ बऱ्याच उशिरा, भलत्याच ठिकाणी उठते.

असं का होत असेल? आठवून बघा ना ते पहिले दोन-तीन महिने. सगळ्यांचंच बंद होतं. मुकेश अंबानीही घरात आणि आपणही घरात. सगळ्या गल्लीने थाळ्या वाजवल्या, शेजारच्या काकूंनी कधी नव्हे ते विचारून भाजी आणून दिली, शहरातली पोरं गावी परत आली आणि आईच्या हातचं जेवली. संकट सगळ्यांचं असतं तेव्हा माणूस स्वतःला दोष देत नाही. एमिल दुर्खेम नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ मध्येच लिहून ठेवलंय की युद्धासारख्या काळात आत्महत्या कमी होतात कारण माणसं एकमेकांना घट्ट धरतात. मग हळूहळू दारं उघडली आणि तेव्हा कळलं की सगळे एकाच ठिकाणी नव्हते. कुणाचं वर्ष वाया गेलं नाही कारण घरात वायफाय होतं, कुणाच्या बापाला पगार चालू होता, आणि कुणाचा बाप दुकानाचं भाडं थकलं म्हणून रात्री उठून बसायचा. संकट सगळ्यांचं होतं तोवर ठीक होतं, ते फक्त माझं उरलं की मग मन खचायला लागतं.

थॉमस जॉइनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने यावर एक मांडणी केलीय, ती आपल्या भाषेत सांगायची तर जीव द्यायच्या विचारापर्यंत नेणाऱ्या दोन भावना असतात. पहिली, ‘मी कुणाचाच नाही’. दुसरी, ‘मी सगळ्यांवर ओझं आहे, मी गेलो तर हे सुटतील’. यातली एक असली तरी माणूस दुःखी होतो, पण दोन्ही एकदम आल्या आणि यातून काही बदलणार नाही असं वाटायला लागलं की धोका वाढतो. हे वाचलं तेव्हा मला पटकन जाणवलं की कोरोनाने पोरांच्या आयुष्यात नेमक्या या दोन ठिकाणी हात घातला होता.

पहिली भावना घ्या. सोळा-सतरा वर्षांच्या पोराचं ‘आपलं माणूस’ कोण असतं? घरचे असतातच, पण खरा जीव मित्रांत असतो, कॉलेजच्या कट्ट्यावर, क्लासच्या बाहेरच्या वडापावच्या गाडीवर, क्रिकेटच्या ग्राउंडवर. आपल्याला वाटतं पोरं तिथे टाइमपास करतात. पण घरात बाप मारतोय हे पोरगं कट्ट्यावरच सांगतं. एखादी शिक्षिका वर्गात हजेरी घेताना कुणाचा चेहरा उतरलाय ते बघते. पोरीसाठी तर शाळेची ती पाच-सहा तासांची वेळ म्हणजे घरातल्या नजरेपासून सुटका असते. मार्च २०२० मध्ये हे सगळं एका रात्रीत बंद झालं आणि बऱ्याच ठिकाणी दीड-दोन वर्षं धड चालूच झालं नाही. ज्यांचं घर प्रेमाचं होतं ते तगले. ज्यांना घरातच त्रास होता ती पोरं त्रास देणाऱ्यासोबत कोंडली गेली.

दुसरी भावना, ओझ्याची, ती आपल्याकडे फार खोल आहे कारण आपण पोरांना लहानपणापासून खर्चाचा हिशोब ऐकवूनच वाढवतो. शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा शाळकरी मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२० च्या अहवालात ग्रामीण भागात शाळेत जाणारी मुलं असलेल्या सुमारे ६२ टक्के घरांत स्मार्टफोन होता, म्हणजे दहातल्या जवळपास चार घरांत नव्हताच. आणि होता तिथेही बऱ्याचदा एकच. तो एक फोन बापाच्या खिशात असतो, बाप कामावर जातो, संध्याकाळी येतो तेव्हा धाकट्याचा क्लास आधी की मोठीची टेस्ट आधी यावरून भांडण, त्यात रिचार्ज संपलेला. कितीतरी घरांत मोठ्या पोरीने न सांगता आपला नंबर सोडून दिला. तिने सोडला हेही कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच वर्षी २०२० मध्ये आत्महत्या केलेल्यांमध्ये सगळ्यात मोठा गट रोजंदारीवर काम करणाऱ्यांचा होता, ३७,६६६ जण, जवळपास चारातला एक. हा आकडा विद्यार्थ्यांच्या आकड्यापासून वेगळा वाचायचाच नाही. रोजंदारीवाला हा कुणाचा तरी बाप असतो, आणि त्याच्या घरातलं पोरगं पुढच्या वर्षीच्या फीचा कागद लपवून ठेवत असतं.

मुलींचं थोडं वेगळं बोलावं लागेल. २०१६ च्या अंदाजानुसार जगात आत्महत्येने गेलेल्या बायकांपैकी ३६.६ टक्के बायका एकट्या भारतातल्या होत्या. जगातल्या बायकांमध्ये आपल्या बायका साधारण सहावा हिस्सा, आणि मृत्यू तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. लग्न लवकर होणं, शिक्षण मध्येच तुटणं, हातात स्वतःचा पैसा नसणं, सासरची मारहाण, हे सगळं त्याच्या मुळाशी येतं असं अभ्यासक सांगतात. कोरोनात शाळा बंद, बापाचं काम गेलेलं आणि लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा म्हणजे खर्च कमी, हे तिन्ही जुळून आलं आणि मराठवाड्यात, ऊसतोडीच्या पट्ट्यात पोरींची लग्नं घाईने उरकली गेली. ती पोरगी जिवंत असली तरी तिच्या मनात काय गेलं याचा रकाना कुठेच नाही.

आणि मरणाचं काय. एप्रिल-मे २०२१ ची दुसरी लाट आपल्यातल्या कुणाला विसरता येणार नाही. ज्या पोरांचे आईबाप तेव्हा गेले त्यांना शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं लांबून दाखवलं, दहाव्याला चार माणसं, तेराव्याला कुणी नाही. आपल्याकडे हे तेरा दिवस उगाच नसतात, घर माणसांनी भरलेलं असतं, रडायला खांदा असतो, कुणीतरी जबरदस्तीने चार घास भरवतं. ते सगळं गेलं. वर ‘मीच बाहेर गेलो होतो, माझ्यामुळे घरात आला’ हा विचार. राज्य सरकारने दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावावर पाच लाख ठेवले, ते योग्यच केलं, पण त्या पोराशी त्या अपराधाबद्दल कुणी बोललं का, हे मला विचारावंसं वाटतं.

तरुण वयातच हे जास्त का, तर त्याला शरीराचंही कारण आहे. मेंदूचा पुढचा भाग, जो थांब, उद्याचा विचार कर असं सांगतो, तो पंचविशीपर्यंत पूर्ण पिकत नाही, आणि भावना उसळवणारा भाग मात्र आधीच जोरात असतो. म्हणून या वयात बऱ्याचदा तो टोकाचा क्षण अचानक येतो आणि तो काढला, सोबत कुणी असलं, तर ओसरतोही. अशा काळात घरातली औषधं आणि घातक वस्तू कुलपात ठेवायला सांगतात ते याचसाठी. आणखी एक, बातम्या. प्रसिद्ध माणसाच्या आत्महत्येच्या बातम्या भडकपणे, तपशिलासकट, दिवसरात्र दाखवल्या की त्यानंतर तरुणांमध्ये आत्महत्या वाढतात हे जगभर सिद्ध झालंय. प्रेस कौन्सिलने २०१९ मध्येच यावर नियम घातले होते. आणि तरी जून २०२० मध्ये एका हिंदी अभिनेत्याच्या मृत्यूनंतर काही महिने आपल्या घराघरांतल्या टीव्हीवर काय चाललं होतं, तेही पोरं चोवीस तास घरात बसलेली असताना, ते आठवून मला आजही राग येतो.

आता माझ्या घरचं सांगते. हे मी त्याला विचारून लिहितेय.

माझा भाचा लातूरकडचा, २०१८ पासून पुण्यात एमपीएससी करत होता. नव्या पेठेतल्या अभ्यासिका ज्यांनी बघितल्यात त्यांना कळेल, लांबच लांब टेबलं, मध्ये प्लायवूडचे आडोसे, प्रत्येकाच्या आडोशाला चिकटवलेला एक कागद, त्यावर पदाचं नाव, खाली पाण्याची बाटली आणि मेसचं कार्ड. त्याच्या कागदावर फक्त ‘५ एप्रिल’ लिहिलं होतं. २०२० ची पूर्वपरीक्षा ५ एप्रिलला होती. ती पुढे गेली, परत गेली, परत गेली, आणि शेवटी झाली २१ मार्च २०२१ ला, तीही मार्चमध्ये पुन्हा एकदा पुढे ढकलल्यावर पोरं पुण्यात रस्त्यावर उतरली त्यानंतर. वयाची अट ओलांडलेल्यांना सरकारने नंतर एक वाढीव संधी दिली. पण परीक्षा देणाऱ्याचं नुसतं वय वाढत नाही. बहिणीचं लग्न थांबलेलं असतं, बाप दुकानात लोकांना ‘यंदा होईल’ सांगत असतो.

तो गावी होता तेव्हा फोनवर मी त्याला काय म्हणाले माहितीये? ‘अरे बरंच झालं की, वेळ मिळालाय, अभ्यास कर.’ मी मनापासून म्हणाले होते. त्यालाच काय, मी सगळ्यांनाच तसं म्हणत होते. पण ज्याने सगळं बळ एका तारखेसाठी गोळा केलंय त्याची तारीख काढून घेतली की ते बळ तसंच साठून राहत नाही, ते गळून जातं. हे मला तेव्हा कळलं नाही. लॉकडाऊनमध्ये तो तसा ठीक होता, बापाच्या शिलाईच्या दुकानात मास्क शिवायला मदत करायचा. खरा खचला तो नंतर, पुण्याला परत आल्यावर. रूममधला एकजण बँकेत लागला, दुसरा कंटाळून शेती बघायला गेला, हा एकटा उरला. फोन उचलेना. उचललाच तर ‘ठीक आहे’, ‘अभ्यास चालूये’, बास. आवडती सायकल मित्राला देऊन टाकली म्हणाला, तेव्हा मला वाटलं शहाणा झाला.

२०२१ च्या दिवाळीत फराळाला आला. मी मटार सोलत बसले होते, तोही समोर बसून सोलायला लागला. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मी कुठेतरी वाचलं होतं की स्पष्ट विचारावं, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, तो असला तर आधीच असतो, आणि विचारलं की उलट माणसाला सुटल्यासारखं वाटतं. माझे हात थरथरत होते. मी मान खाली घालूनच म्हणाले, ‘बाळा, एक विचारू? जीव नकोसा होतो का रे कधी?’

त्याने हातातली शेंग सोलली, दाणे ताटात टाकले आणि म्हणाला, ‘होतो मावशी.’

मग तो दीड तास बोलला. मी उपाय सांगितले नाहीत, ‘आईबापाचा विचार कर’ म्हणाले नाही, कारण तो त्यांचाच विचार करत होता, आपण नसलो तर त्यांचा खर्च वाचेल असा. फक्त एक ठामपणे सांगितलं की हे मी लपवून ठेवणार नाही, तुझ्या आईला सांगावं लागेल, आपण दोघं मिळून सांगू. त्या रात्री त्याला एकटं सोडलं नाही. दोन दिवसांनी सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत गेलो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, मध्येच सोडायच्या नाहीत. गोळ्या माझ्याकडे राहायच्या, मी आठवड्याच्या आठवड्याला द्यायचे. रांगेत तीन तास गेले. आपल्या देशात लाख माणसांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पडत नाही, एका अंदाजानुसार हे प्रमाण पाऊणच भरतं, मग रांग असणारच. रांगेत बसलेल्यांत निम्मी त्याच्याच वयाची पोरं होती, बऱ्याच जणांनी मास्क डोळ्यांपर्यंत ओढला होता, आणि तो कोरोनासाठी नसावा असं मला वाटलं.

घरचे लपवतात त्यामागे पोलिसांची भीतीही असते, म्हणून कायद्याचं थोडं. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा, लागू झाला २०१८ मध्ये, त्यात स्पष्ट आहे की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता आली त्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम उरलेलंच नाही. तेव्हा कुणी तरी असं काही करून बसलं तर पोलिसांना घाबरून दवाखान्यात न्यायला उशीर करू नका, हे जिथे जमेल तिथे सांगा.

आणि सरकारने काही ठरवलं तर फरक पडतो, हेही तेवढंच खरं आहे. आपल्याकडे दहावीत नापास झालं की ऑक्टोबरची वारी म्हणायचे, म्हणजे एक विषय राहिला तरी अख्खं वर्ष गेलं आणि सगळ्या गावाला कळलं. २०१५ पासून बोर्डाने जुलैमध्येच फेरपरीक्षा सुरू केली, पास झाला तर त्याच वर्षी अकरावीला. तामिळनाडूने हे आपल्या आधी केलं. एक साधा वेळापत्रकातला बदल, पण निकालाच्या दिवशी जे पोरगं ‘सगळं संपलं’ म्हणतं त्याला दीड महिन्यावरची एक तारीख मिळते. उलट कोरोनात काय झालं, तर २०२१ मध्ये दहावीची परीक्षाच झाली नाही, निकाल लागला ९९.९५ टक्के, आणि त्या पोरांच्या कपाळी ‘कोरोना बॅच’ हा शिक्का बसला. मुलाखतीत, लग्नाच्या बोलण्यात, नातेवाइकांच्या गप्पांत, ‘तुम्ही काय बाबा, बसून पास झालेले’. दोन वर्षं धड वर्ग न बघता पुढच्या इयत्तेत ढकललेली ही पोरं नंतर एकदम ऑफलाइन परीक्षेला बसली, लिहायची सवय गेलेली, पाया कच्चा राहिलेला, आणि वर हे टोमणे. आकडा खाली का आला नाही याचं थोडं उत्तर मला इथे दिसतं. आपण दारं उघडली, पण मधल्या दोन वर्षांत काय तुटलं ते कुणी जोडलंच नाही.

काय करता येतं यावर खूप मोठं बोलता येईल, पण मला एक अभ्यास फार जवळचा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या पाच ठिकाणी, त्यात आपलं चेन्नईही होतं, आत्महत्येचा प्रयत्न करून दवाखान्यात आलेल्या १,८६७ माणसांवर तो केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना त्यासोबत तासभर नीट समजावून सांगणं आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट, कसा आहेस एवढंच. दीड वर्षाने मोजलं तर पहिल्या गटातले २.२ टक्के आत्महत्येने गेले होते, दुसऱ्यातले ०.२ टक्के. नऊ फोन.

हे वाचल्यावर मी भाच्याशी ठरवलं की रोज रात्री नऊच्या आत त्याने मला एक मेसेज करायचा, ‘जेवलो’. बाकी काही लिहायचं नाही, बरं वाटत नसलं तरी चालेल, नुसतं जेवलो. मी त्यावर अंगठा द्यायचा. त्याला अडीच वर्षं झाली की तीन, मोजलं नाही. गोळ्या डॉक्टरांनीच हळूहळू बंद केल्या. तो आता एका कंपनीत अकाउंट्स बघतो, परीक्षा सोडली की नाही ते अजून ठरलेलं नाही आणि मी विचारतही नाही.

परवा साडेनऊ झाले तरी मेसेज नव्हता. मी फोन लावला. ‘अगं मेस बंद होती आज, आत्ता पोहे टाकलेत,’ तो म्हणाला, मागे कढईचा आवाज येत होता. दहा मिनिटांनी ताटलीचा फोटो आला, वर भरपूर शेव, आणि खाली, जेवलो.